किरण खरा, हवा खोटी

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. (आता इतकं लख्ख दिसतं की घरातली जळमटंसुद्धा दिसायला लागलीत. सूनबाई म्हणते, आधीच बरं होतं!) पण आज लिहायला बसले ती रागाने. नातेवाईकांपैकी ज्यांना भांडण सोसत नाही त्यांनी इथेच थांबावं. ज्याच्याविषयी लिहिलंय त्याने मात्र शेवटपर्यंत वाचायचं.

तर झालं काय, मार्चमध्ये धाकट्या नातवाचा एक फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. आमच्या गावच्या देवराईतला. ऐन-किंजळीची उंच खोडं, मध्ये पांढुरकं धुकं, आणि वरून फांद्यांतून उतरलेले सात-आठ किरण, अगदी बोटाने मोजावेत असे. खाली ओळ, 'देवराईतली धुक्याची पहाट'. झालं! अंगठ्यांचा आणि जोडलेल्या हातांचा पाऊस पडला. कुणीतरी 'साक्षात देव उतरला' असंही लिहिलं. मीही लिहिलं, 'छान रे बाळा.' ते मी आज जाहीरपणे मागे घेते.

चार दिवसांनी गावाहून गुरवांचा फोन आला. "बाई, तुमचा नातू नि त्याचे दोस्त राईत धुराचे डबे पेटवून गेले. पायाने विझवून गेले म्हणे, पण पाचोळा आतून धुमसत होता. संध्याकाळी दिवा लावायला गेलो तेव्हा धूर दिसला. चार कळश्या ओतल्या."

नातवाला फोन लावला. म्हणाला, "आजी, जरासंच जळलं गं. आणि स्मोक बॉम्ब सगळेच वापरतात."

सगळेच वापरतात! 'बाई, सगळ्यांनीच कॉपी केली' हे वाक्य ऐकत माझी नोकरी गेली, आणि आता ते घरातून ऐकायचं.

खरं तर मला फोटो पाहूनच कळायला हवं होतं. पहाटे सूर्य आडवा असतो. त्याची तिरीप झाडांच्या मधून, जवळजवळ जमिनीला धरून येते. याच्या फोटोत किरण वरून खाली उतरलेत, म्हणजे चांगले साडेदहा वाजून गेलेले. पाचोळा कडकडीत कोरडा. झुडपावर कोळ्याचं जाळं आहे, त्यावर एक थेंब नाही. धुक्याच्या सकाळी तीच जाळी कशी मोत्यांनी ओथंबलेली असतात! पण नातवाचा फोटो म्हटल्यावर आजीचा चष्मा वेगळा असतो.

मी मराठीची बी.ए. पण शाळा लहान, त्यामुळे सातवीचं विज्ञानही गळ्यात पडलं होतं. आमच्या वर्गाला एक फुटकं कौल होतं आणि तिसऱ्या तासाला त्यातून एक कवडसा बरोबर टेबलापाशी पडायचा. जमिनीवर उजेडाचा ठिपका दिसे, पण छतापासून ठिपक्यापर्यंत मध्ये काहीच दिसत नसे. मग मी तिथे डस्टर झटकायची. खडूची धूळ उडाली की छतापासून जमिनीपर्यंत पांढरा दांडा उभा राहायचा आणि पोरं "आऽऽ" करायची. उजेड डोळ्यात शिरला तरच दिसतो. बाजूने चाललेला उजेड डोळ्याकडे वळवायला वाटेत काहीतरी लागतं, धूळ, धूर नाहीतर पाण्याचे बारीक थेंब. एकोणिसाव्या शतकात जॉन टिंडलने याचा अभ्यास केला, म्हणून पुस्तकात 'टिंडल परिणाम' आला. आणि ते किरण पंख्यासारखे पसरलेले दिसतात ना, तेही डोळ्याचं काम. सूर्य 15 कोटी किलोमीटरवर, त्याचे किरण आपल्यापर्यंत जवळजवळ समांतरच येतात. रेल्वेचे रूळ लांबवर एकत्र आल्यासारखे दिसतात तसाच प्रकार.

म्हणजे किरणाचा फोटो हा खरं तर हवेचा फोटो असतो. त्या जागी, त्या वेळी हवेत काय होतं त्याची नोंद. पाऊस थांबून ऊन पडल्यावर रान वाफाळतं त्याची, किंवा आजीच्या स्वयंपाकघरात काचेच्या कौलातून येणाऱ्या उजेडात चुलीचा धूर वळत राहायचा त्याची. दिल्लीच्या बागांतले नोव्हेंबरातले किरणांचे सुंदर सुंदर फोटो येतात, ते बघून मला आधी खोकला आठवतो. पण ते फोटो निदान खरं बोलतात. दिल्लीची हवा तशीच असते.

आता नातू काही मुका नाही. तो म्हणाला, "आजी, तूच डस्टर झटकायचीस ना? मग मी धूर केला तर काय?"

हे मला लागलं, कबूल करते. दोन दिवस उत्तर सुचलं नाही. पण बाळा, मी सगळ्यांदेखत झटकायची. डस्टर हातात दिसत असायचा आणि मी आधी सांगायची की आता धूळ उडवते, बघा काय होतं. तू 'पहाट' लिहिलंस, 'धुकं' लिहिलंस. स्टुडिओत लाव की धूर, नाटकात लाव, लग्नात तर कोरडा बर्फ लावतातच. तिथे कुणी फसत नाही. आणि माझ्या डस्टरने शाळेला आग लागणार नव्हती.

त्याचा दुसरा मुद्दा, मोठमोठे फोटोग्राफरही अंधाऱ्या खोलीत हेच करायचे. त्याने ॲन्सेल ॲडम्सचं नाव घेतलं. मी धाकट्या लेकाला विचारून त्याच्याबद्दल वाचून काढलं. त्याचा 'मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको' हा 1941 सालचा फोटो प्रसिद्ध आहे, आणि प्रिंट काढताना त्याने आकाश पुष्कळ काळं केलं, पुढच्या काळातल्या प्रिंटांत तर आणखीच. केलं ना. पण चंद्र होता रे तिथे! चंद्र त्याने आणून टांगला नव्हता. काळं-पांढरं किती करायचं ही ज्याची त्याची नजर, त्यावर माझं भांडण नाही. सूर्य खोडाआड धरायचा, उजेडासमोर उभं राहायचं, मागे काळोख येईल अशी जागा शोधायची, उजेड थोडा कमी घ्यायचा, हे सगळं तूच मला शिकवलंस आणि ते मला कष्टाचं वाटलं.

(आता म्हणे संगणकात किरण ओढायचं बटणच असतं, आणि नुसतं वाक्य लिहिलं की अख्खं रान तयार होतं. त्याबद्दल काय बोलायचं! निदान त्याने पाचोळा तरी जळत नाही.)

मला सारखी कोल्हापूरची आठवण येते. अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला किरणोत्सव असतो. मावळतीचे किरण गाभाऱ्यात शिरून देवीच्या चरणांवरून चढत चेहऱ्यापर्यंत जातात. तिथलं गणित उलटं. हवेत धूळ आणि बाष्प जास्त असलं की किरण क्षीण होतो, वर चढतच नाही. कधी ढग आडवे येतात, कधी मधल्या इमारती. मग दुसऱ्या दिवशी पेपरात सरळ छापून येतं की किरण आज अमुक ठिकाणापर्यंतच पोहोचले. इतकी गर्दी, इतकी श्रद्धा, पण कुणी म्हणत नाही की मारा बाहेरून एक मोठा टॉर्च, भाविक खूश होतील. किरण आला नाही तर आला नाही. मग एका फोटोसाठी आपल्याला एवढं काय झालंय?

आणि जागा कुठली, तर देवराई. आमच्या राईतून वाळकी काटकीसुद्धा चुलीला आणायची नाही असा नेम. सासूबाई पावसाळ्याच्या तोंडावर लाकूडफाट्यासाठी दोन डोंगर पायपीट करायच्या, पण राईतल्या पडलेल्या फांदीला हात लावायच्या नाहीत. म्हणून तर तिथे गुडघाभर पाचोळा आहे आणि म्हणूनच मार्चमध्ये तिथे काडी ओढायची नसते. सह्याद्रीत वणवे लागतात ते याच दिवसांत.

शिवाय त्या जुन्या बेहड्यावर धनेशाची ढोल आहे. या दिवसांत मादी ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते, एवढीशी फट ठेवते आणि नर त्या फटीतून तिला फळं भरवतो. आत अंडी, नाहीतर पिल्लं. बाकीचे पक्षी धूर आला की उडून जातील. ती कुठे जाणार? तुझ्या फोटोत डावीकडून तिसरं खोड आहे ना, तेच ते झाड. मी मोठं करून पाहिलं. धूर बुंध्यापासून वर गेलेला छान दिसतोय.

हे त्याला सांगितल्यावर पहिल्यांदा तो गप्प बसला. मग म्हणाला, "मला माहीत नव्हतं गं." खरंच माहीत नसणार. पण तीन तास राईत होता, वर एकदा बघितलं असतंस तर?

गुरवांना विचारलं. नर अजून येतोय, फळं घेऊन. म्हणजे आत सगळं ठीक असावं.

परवा रात्री नातवाचा मेसेज आला, "फोटो काढून टाकू का ग्रुपवरून?" मी म्हटलं, अजिबात नको, फोटो चांगला आहे. फक्त खालची ओळ बदल. लिही, 'मार्च, सकाळी साडेदहा, दोन स्मोक बॉम्ब, धनेशाच्या झाडाखाली.' आणि मार्गशीर्षात ये, मी येते तुझ्याबरोबर. पहाटे साडेपाचला उठायचं, धुकं पडलं तर पडलं. नाहीतर गुरवांकडे चहा घेऊन परत येऊ.

'बघतो' म्हणालाय. ओळ अजून बदललेली नाही. मी रोज सकाळी उघडून पाहते.