निधीची काट आणि आपली वस्ती

नोव्हेंबर 2025 मध्ये बारामती तालुक्यातील माळेगाव नगरपंचायतीच्या प्रचारात तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार मतदारांना म्हणाले, मते तुमच्याकडे आहेत, निधी माझ्याकडे. तुम्ही काट मारली तर मीही मारणार. टीका झाली, खुलासे झाले. आम्हाला मात्र त्यात नवल वाटले नाही. जे एरवी कानात सांगितले जाते ते या वेळी माइकवरून सांगितले गेले, एवढेच. वर-खाली एकाच पक्षाची सत्ता हवी, हा ‘ट्रिपल इंजिन’चा प्रचारही याच धमकीचे गोड रूप आहे.

पण सगळाच निधी मर्जीचा नसतो. मर्जी चालते ती आमदारांच्या शिफारशीवर मिळणाऱ्या ‘2515’च्या कामांत, नगरपालिकांच्या विशेष अनुदानात आणि पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीत. दलित वस्तीचा निधी वस्तीच्या लोकसंख्येवर ठरतो. 2021-26 या काळात 15 व्या वित्त आयोगाचे अनुदान सूत्राने येत होते आणि ग्रामीण भागासाठी त्यातला 60 टक्के हिस्सा पाणी व स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. हा पैसा कोणाच्या खिशातला नाही. तरीही उद्घाटनाच्या फलकावर फोटो नेत्याचाच, आणि वस्तीतली पोरे त्याखाली उभी राहून सेल्फी काढतात!

सूत्राचा पैसाही अडवता येतो, हे गेल्या काही वर्षांत दिसले. 2022 पासून बहुतेक जिल्हा परिषदा आणि महापालिका राज्य सरकारने नेमलेल्या प्रशासकांच्या हाती होत्या. निवडून आलेले सभागृह नसेल तर वित्त आयोगाचे अनुदान मिळत नाही. त्यामुळे जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा वाटा रखडला. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत गावाच्या संकुचितपणावर बोट ठेवले होते. आज गावासोबत मंत्रालयाकडेही लक्ष ठेवावे लागते.

सत्तेसोबत राहिले की निधी सुरक्षित, असे सांगणारे आपल्यातही आहेत. त्यांनी मे 2025 आठवावा. सामाजिक न्याय विभागाचे 410.30 कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले, तेव्हा त्या खात्याचे मंत्री सत्ताधारी महायुतीचेच होते. संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. पैसा गेला तो गेलाच.

म्हणून येत्या ग्रामसभेत ‘रस्ता कधी होणार’ एवढ्यावर थांबू नका. काम कोणत्या लेखाशीर्षातून आहे, दलित वस्तीच्या आराखड्यात आपल्या वस्तीची लोकसंख्या किती दाखवली आहे आणि बंधित निधीतले किती खर्च झाले, हे विचारा व उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या. ग्रामपंचायतीचा जमाखर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर मोबाइलवरही पाहता येतो.