व्हाळात उतरणारे तांबे

पावसाळ्याच्या तोंडावर पोफळीच्या बागांतून बोर्डो मिश्रणाची लगबग सुरू होते. कोळेरोगावर हा जुना, खात्रीचा उपाय. फवारणी बंद करा असे आम्ही म्हणणार नाही. आता 'नॅनो' तांब्याच्या बाटल्याही आल्या आहेत. थोडक्या औषधात काम भागत असेल तर चांगलेच. पण हे तांबे पुढे जाते कुठे?

एक टक्का मिश्रणासाठी १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद लागते. त्यात निव्वळ तांबे पाव किलो. इतर बरीच औषधे ऊन, पाणी, जिवाणू यांनी आज ना उद्या मोडतात. तांबे हे मूलद्रव्य, ते मोडणार कसे? पानावरून मातीत आणि मातीतून व्हाळात, एवढाच त्याचा प्रवास.

जुने बागायतदार मिश्रणात लखलखीत सुरी बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर धरला की चुना कमी पडला, म्हणजे तांबे मोकळे राहिले. माशांच्या कल्ल्यांना बाधते ते मुख्यतः हेच विरघळलेले तांबे. नॅनो कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहून बारीक. तेवढ्याच वजनात पृष्ठभाग कितीतरी मोठा, म्हणून ते लवकर विरघळतात. आम्लधर्मी पाण्यात तर अधिकच. कोकणातले जांभ्याचे पाणी हलके. जड पाण्यातला चुना माशांना जो आडोसा देतो, तो इथे फारसा नाही.

उरलेले तांबे पालापाचोळ्याला, गाळाला चिकटून बसते. वर पाणी निवळशंख दिसते, पण बंधाऱ्याचा गाळ ढवळला की त्यातले काही पुन्हा सुटू शकते.

युरोपीय संघाने २०१९ पासून फवारणीच्या तांब्याला हेक्टरी ७ वर्षांत २८ किलोची मर्यादा घातली. आपल्याकडे नॅनो कृषी उत्पादने तपासण्याची मार्गदर्शक तत्त्वे २०२० मध्ये आली. तरी बाटलीत लिटरमागे तांबे किती, हे दुकानदाराला विचारायलाच हवे.

पिण्याच्या पाण्यात तांब्याची इष्ट मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. नळपाणी योजनेची विहीर व्हाळाकाठी असेल, तर ग्रामपंचायतीने पाण्याचा नमुना पाठवताना तांब्याचीही तपासणी मागावी. आणि बागायतदारांनो, पंप नि पिंप व्हाळात धुणे यंदापासून तरी थांबवा. ते पाणी बागेतच, विहिरीपासून लांब ओता.