कळ सोसायची की कळ दाबायची?

शस्त्रक्रियेनंतर दुखणारच, थोडे सोसायला हवे, असे आपल्याकडे रुग्णही मानतो आणि नातेवाईकही. पण वेदना आटोक्यात ठेवणे हा उपचाराचाच भाग आहे. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दुखते म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, उठून बसत नाही. मग न्यूमोनियाचा आणि पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

नेहमीची पद्धत म्हणजे दुखले की सिस्टरना सांगायचे आणि इंजेक्शनची वाट पाहायची. याला पर्याय म्हणजे 'पीसीए' पंप. सलाइनच्या नळीला जोडलेल्या या पंपाचे बटण रुग्णाच्या हाती असते. दाबले की मॉर्फिनची ठरलेली मात्रा, बहुधा १ मिलिग्रॅम, शिरेत जाते. पुढची पाच ते दहा मिनिटे कितीही दाबले तरी औषध येत नाही. गुंगी आलेला रुग्ण बटण दाबत नाही, हे दुसरे कुलूप. म्हणूनच झोपलेल्या रुग्णाचे बटण नातेवाईकांनी मायेपोटीही दाबू नये. त्याने श्वास मंदावू शकतो.

२०१५च्या कॉक्रेन आढाव्यात अशा ४९ अभ्यासांचा विचार झाला. पंप वापरणाऱ्यांपैकी ८१ टक्के समाधानी होते, नेहमीच्या पद्धतीत ६१ टक्के. वेदना मात्र १०० गुणांच्या मोजपट्टीवर सुमारे दहानेच कमी होती. मॉर्फिन किंचित जास्त लागले, खाजही अधिक सुटली. तरीही समाधानात एवढा फरक का? माझ्या मते, वेदनेइतकीच माणसाला तिच्यापुढची असहायता छळते.

सरकारी वॉर्डात प्रत्येक खाटेला पंप मिळणार नाही. मिळाला तरी श्वासावर आणि गुंगीवर लक्ष ठेवायला माणूस लागतोच. गोंधळलेल्या वृद्धांना किंवा अगदी लहान मुलांना तो चालतही नाही. पण ताप-रक्तदाबासोबत 'दहापैकी किती दुखते?' हे विचारून तक्त्यावर लिहायला, पॅरासिटामॉल मागण्याची वाट न पाहता वेळेवर द्यायला आणि हाकेला लवकर ओ द्यायला यंत्र लागत नाही. प्रत्येक वॉर्डात हा नियमच हवा.

रुग्णांनीही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना विचारावे, 'नंतर दुखले तर काय देणार, कोणाला सांगायचे?' आणि दुखले की सांगावे. मुकाट्याने सोसल्याने जखम लवकर भरत नाही.