बर्फावर आळ

हिवाळ्यातली रात्र, लहानसे विमान आणि भोवती हिम, एवढे कानांवर पडले की चहाचा कप खाली ठेवण्यापूर्वीच आपण अपघाताचा निकाल देऊन मोकळे होतो: पंखांवर बर्फ साचला असणार! बडी हॉली या अमेरिकन गायकाच्या अपघाताबद्दल मीही कितीतरी दिवस असेच बोलत असे. मग सिव्हिल एरॉनॉटिक्स बोर्डाचा चौकशी-अहवाल वाचला आणि जीभ चावली.

तारीख 3 फेब्रुवारी 1959. आयोवा राज्यातील मेसन सिटीहून रात्री एकच्या सुमारास बीचक्राफ्ट बोनान्झा जातीचे चार आसनांचे विमान निघाले. आत तीन गायक आणि 21 वर्षांचा वैमानिक. जायचे होते सुमारे 300 मैलांवरच्या फार्गोला. सहा मैलही न जाता ते एका शेतात आदळले. चौघेही गेले. त्यांतला रिची व्हॅलेन्स तर अवघा 17 वर्षांचा होता हो!

आता बर्फाचे पाहू. पारा शून्याखाली गेला तरी ढगातले थेंब पुष्कळदा पाणीच राहतात आणि पंखावर आपटताच गोठतात. त्या बर्फाचे वजन एक वेळ परवडले. पण त्याने पंखाची घडण बिघडते आणि हवेतून मिळणारी उचलच जाते. त्या रात्री फार्गोच्या वाटेवरच्या ढगांत असा बर्फ मध्यम ते जोरदार प्रमाणात होता, हे बोर्डानेही नोंदले आहे. म्हणजे आळ अगदीच बिनबुडाचा नव्हे.

पण बर्फ होता ढगांत! विमानतळावर ढगांची उंची मोजली होती 3000 फूट; आणि विमान वर गेले ते, पाहणाऱ्याच्या अंदाजाने, 800 फुटांपर्यंत. हवेत होते ते काही मिनिटेच. हलके हिम पडत होते खरे, पण इतक्या थंडीतले कोरडे हिम पंखाला सहसा धरत नाही. अपघाताच्या कारणांत बोर्डाने बर्फाचे नाव घेतलेले नाही. इंजिन चालू होते. वेगमापकाचा काटा ताशी 165 ते 170 मैलांवर अडकलेला, आणि दुसरा काटा सांगत होता की विमान मिनिटाला 3000 फूट या वेगाने खाली येत होते.

खाली दिवे नाहीत, वर तारे नाहीत, क्षितिज नाही. अशा वेळी केवळ उपकरणांकडे पाहून उडावे लागते. त्याचा परवाना या मुलाजवळ नव्हता. त्यात विमानाच्या नाकाचा चढउतार दाखवणारे उपकरण होते ते त्याच्या सवयीच्या उपकरणाहून नेमके उलटे. उतरत असताना आपण चढतो आहोत असे त्याला वाटले असावे, असा बोर्डाचा तर्क आहे.

हवामान सांगणाऱ्यांना मात्र मी सोडणार नाही. बोर्डानेही त्यांच्या माहितीत गंभीर उणिवा काढल्या आहेत. पोराने संध्याकाळपासून पुन्हा पुन्हा चौकशी केली होती. रात्री 11.35 ला मिनिआपोलिसहून तातडीची सूचना निघाली: 100 मैल रुंदीचा हिमाचा पट्टा आग्नेयेकडे सरकतो आहे, दोन मैलांपलीकडचे दिसत नाही. हा पट्टा त्याच्याच वाटेवर येणारा. 12.15 ला कॅन्सस सिटीहून दुसरी सूचना आली, ती बर्फाची, आणि तिच्यात आयोवाचाही बहुतेक भाग येत होता. माहिती देणाऱ्या दोघांपैकी एकालाही यांतली कोणतीही सूचना त्याच्या कानांवर घातल्याचे आठवेना.