रस्ता कुणाच्या बापाचा?

ट्रॅफिकमध्ये अडकलात तर दीर्घ श्वास घ्या, मन शांत ठेवा, असं सुखाचे ठेकेदार सांगतात. पी. डिमेलो रोडवर कंटेनरच्या रांगेत बस तुंबलीय, मी दांड्याला लटकलोय. श्वास घेतला की छातीत नुसता डिझेलचा धूर. गोदीत पाठ मोडायची, वर दोन तास रस्त्याला द्यायचे. त्या दोन तासांची मजुरी कोण देतो?

याच रस्त्यावरून २०१३ साली ईस्टर्न फ्रीवे वर चढला. २०२४ ला शिवडीहून २१.८ किलोमीटरचा अटल सेतू निघाला. त्यावर मोटारसायकलला, रिक्षाला बंदी. आणि २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं पाचाचं दहा झालं. मोटारवाला डोक्यावरून सुसाट, आपण खाली कोंडीत.

सार्वजनिक तळं सगळ्यांचं, हे बाबासाहेबांनी १९२७ ला महाडला ओंजळभर पाणी पिऊन दाखवलं. रस्ताही सार्वजनिकच आहे.

पोर जागं असताना घरी पोचावं, चार ओळी लिहायला बोटांत जीव उरावा. माझ्या जगण्याचा अर्थ एवढाच. तो डोळे मिटून गवसत नाही. बसला स्वतंत्र लेन, पायाला मोकळा फुटपाथ पाहिजे. हात जोडून नाही, रस्त्यावर उतरून!