मूठ आणि मनगट

वाचकहो, ह्या सदरातून मी आपणांस आजवर पुष्कळदा दुसऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या. भाषांतरकाराच्या वाट्यास बहुधा तेच काम येते. आज मात्र स्वतःच्या उजव्या हाताविषयी लिहीत आहे, त्याबद्दल आरंभीच क्षमा मागते.

महाविद्यालयात असताना मला पिस्तूल-नेमबाजीचा नाद लागला. 10 मीटर अंतरावरून हवेच्या दाबाचे पिस्तूल चालवावयाचे, हा तो प्रकार. त्या काळी स्त्रियांच्या सामन्यात 40 छर्रे असत, म्हणजे एकूण गुण 400. माझी सर्वांत चांगली मजल 374 पर्यंत गेली होती. ती राज्याच्या संघात नाव लागण्याइतकी नव्हती, पण दरवर्षी आशा बाळगावी इतकी खास होती. पुढे 2016 साली नोकरी लागली, बिऱ्हाड दिल्लीस आले आणि पिस्तूल कपाटाच्या वरच्या फळीवर गेले. 2019 च्या पावसाळ्यात जिन्यावरून घसरून मी उजव्या हातावर पडले. मनगटालगतचे मोठे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. हाड जुळले खरे, परंतु मनगट पूर्वीसारखे मागे वळेना, आणि करंगळी व अनामिका ह्या दोन बोटांतील जोर कमी झाला तो झालाच. व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनी पकड मोजण्याच्या यंत्रावर दोन्ही हात दाबावयास लावले, तेव्हा डाव्याने 24 किलो दाखविले आणि उजव्याने 17. उजवाच हात कामाचा, आणि तोच लंगडा.

तरीही 2023 मध्ये मी पिस्तूल खाली काढले. का काढले, ह्याचे नीट उत्तर मजजवळ नाही. चाळिशी जवळ येऊ लागली की माणूस कपाटाच्या वरच्या फळ्या आवरू लागतो, एवढेच म्हणता येईल. परतल्यावर कळले की मधल्या काळात खेळच बदलला होता. 2018 पासून स्त्रियांनाही पुरुषांप्रमाणे 60 छर्रे आणि 75 मिनिटे. स्त्रियांना समान वागणूक मिळाली ह्याचा आनंद मला मनापासून झाला. पण ज्या मनगटाला 40 झेपतील की नाही ह्याची शंका, त्यालाच आता आणखी 20 उचलावयाचे होते. पिस्तुलाचे वजन साधारण एक किलो. ते एकाच हाताने, खांद्याच्या रेषेत, दर छर्ऱ्यागणिक वर न्यावयाचे आणि नेम न साधल्यास पुन्हा खाली आणावयाचे. दुसऱ्या हाताचा आधार नियमांस मान्य नाही. माझ्या वैद्यांनी मनगटास बांधावयास पट्टा दिला होता, तोही सामन्यात चालत नाही. पिस्तूल धरणाऱ्या हातावर पट्टा, घड्याळ, कडे काहीही नको. उजव्या हातातील बांगड्याही उतरवाव्या लागतात. आमच्या आईस हे अजून रुचलेले नाही.

पहिल्या सामन्यात माझे दहा-दहा छर्ऱ्यांच्या सहा फेऱ्यांचे गुण असे होते: 92, 91, 90, 89, 86, 83. बेरीज 531. पहिल्या तीन फेऱ्या पाहून शेजारच्या मुलीने मान डोलावली. शेवटच्या दोन तिने पाहिल्या नसाव्यात, अशी मी आशा करते. घरी येऊन हा आकड्यांचा जिना मी पुष्कळ वेळ पाहत बसले.

ह्या सुमारास मला कारोय टाकाच ह्या हंगेरियन नेमबाजाची आठवण झाली. नेमबाजीच्या इतिहासात हे नाव टाळता येत नाही. टाकाच सैन्यात सार्जंट होता. 1936 च्या ऑलिंपिकसाठी त्याची योग्यता होती, पण हंगेरीच्या संघात तेव्हा केवळ सनदी अधिकाऱ्यांस स्थान मिळे, म्हणून तो घरी राहिला. ती अट पुढे दूर झाली. मग 1938 मध्ये, सैनिकी सरावात, सदोष हातबॉम्ब त्याच्या उजव्या हातातच फुटला. तोच त्याचा नेम धरण्याचा हात. सुमारे महिनाभर तो रुग्णालयात होता; बाहेर आल्यावर कोणास न सांगता त्याने डाव्या हाताने सराव आरंभिला. 1939 मध्ये तो राष्ट्रीय स्पर्धेच्या जागी आला, तेव्हा जुने सोबती त्याचे सांत्वन करावयास पुढे झाले, आणि आपण पाहावयास नव्हे तर खेळावयास आलो आहोत असे त्याने त्यांस सांगितले, अशी कथा आहे. ती स्पर्धा त्याने जिंकली. त्यानंतर महायुद्धाने 1940 आणि 1944 ही दोन्ही ऑलिंपिके गिळली. 1948 मध्ये लंडनला तो उतरला तेव्हा त्याचे वय 38 होते.

त्याचा प्रकार माझ्यापेक्षा फार अवघड. 25 मीटरवर पाच लक्ष्ये एका ओळीत; हात खाली झुकविलेला; लक्ष्ये वळताच हात उचलून पाचांवर एकेक गोळी. आधी आठ सेकंदांत, मग सहांत, शेवटी अवघ्या चार सेकंदांत. 600 पैकी 580 गुण मिळवून टाकाचने विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेतले. अर्जेंटिनाचा साएन्स व्हालिएन्ते हा तत्कालीन जगज्जेता 571 गुणांवर दुसरा राहिला. सामन्यापूर्वी त्याने टाकाचला लंडनला कशासाठी आलात असे विचारले होते, आणि टाकाचने शिकावयास आलो असे सांगितले होते. पदके मिळाल्यावर व्हालिएन्ते म्हणाला की आपले शिकणे पुरेसे झाले आहे. 1952 मध्ये हेलसिंकीस टाकाचने 579 गुणांनी तेच पदक पुन्हा जिंकले. एका गुणाने मागे राहिलेला सिलार्ड कुन हा त्याचाच देशबांधव आणि शिष्य.

ही गोष्ट मी पूर्वीही वाचली होती, आणि खरे सांगावयाचे तर तिने मला थोडा त्रासच दिला होता. कारण अशा गोष्टी सांगणारे नेहमी इच्छाशक्तीपाशी थांबतात. त्याने हात बदलला, हे सर्वजण सांगतात. मूठ कशी धरली, बोटांना काय शिकविले, हे कोणी सांगत नाही. मीही तीन आठवडे डावा हात करून पाहिला. तेथे अडचण डोळ्याची निघाली. माझा नेमाचा डोळा उजवा आहे, आणि हात बदलला तरी डोळा बदलत नाही. मान तिरकी होते, मान तिरकी झाली की खांदा वर येतो. शिवाय माझा उजवा हात निकामी नव्हता, नुसता दुबळा होता. तेव्हा हात तोच ठेवून मूठ बदलावी, असे मी ठरविले.

येथे थोडे गणित सांगणे भाग आहे, ते आपण सहन करावे. पिस्तुलावर दोन दर्शक असतात, पुढे एक उंचवटा आणि मागे एक खाच. माझ्या पिस्तुलावर त्या दोहोंत सुमारे 33 सेंटिमीटर अंतर आहे. हात जागच्या जागी, नळी न वळता, 1 मिलिमीटर हलला तर छर्राही 1 मिलिमीटरच सरकतो. दहा गुणांचे वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचे असते, तेव्हा त्याने काही बिघडत नाही. पण मनगट वळून पुढचा उंचवटा खाचेत तितकाच 1 मिलिमीटर सरकला, तर 10 मीटरवर ती चूक तीसपट होते, छर्रा 3 सेंटिमीटर दूर पडतो आणि दहाचे सात होतात. म्हणजे हात थरथरण्याची भीती मी उगाच बाळगीत होते. भीती बाळगावयास हवी होती ती मनगटाच्या वळण्याची. आणि माझे मनगट पाचव्या फेरीपासून खाली झुकत होते.

ते का झुके, हे मला एका वयस्क प्रशिक्षकांनी दाखविले. त्यांनी माझ्या तळहाताला धुण्याची नीळ फासली, पिस्तूल हाती दिले आणि नंतर लाकडी मूठ पाहावयास सांगितले. अंगठ्याच्या मुळाशी गडद निळा डाग, तळहाताच्या मध्यभागी लाकूड कोरे, करंगळीखाली पुसटशी रेघ. मूठ माझ्या जुन्या हाताच्या मापाची होती. नवा हात तीत नीट बसतच नव्हता, आणि दुबळ्या बोटांचे काम अंगठा करीत होता. अंगठ्याचा दाब बाजूने पडतो, त्यामुळे नळी वळते. पकडीचा दाब मागून पुढे आणि पुढून मागे, नळीच्या रेषेतच पडावयास हवा. तो द्यावा मधल्या बोटाने व अनामिकेने. अंगठा नुसता टेकावा. चाप ओढणारी तर्जनी लाकडास स्पर्शही न करता मोकळी असावी, कारण सारी मूठ आवळली की तर्जनी एकटी हलू शकत नाही, तिच्याबरोबर चारी बोटे आवळतात.

मग आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर महिनाभर सुतारकाम चालले. जेथे नीळ गडद होई तेथे कानस, जेथे लाकूड कोरे राही तेथे लाकडाची लांबी. एक रात्र वाळू द्यावयाची, काचकागद फिरवावयाचा, पुन्हा नीळ. तळहाताखालचा टेकू स्क्रूने अर्धा मिलिमीटर वर घेतला. मनगट मागे वळत नाही म्हणून मुठीचा कोनच थोडा बदलला, जेणेकरून मनगट आपल्या सोयीच्या जागी राहूनही नळी सरळ रोखली जाईल. एका रविवारी मी अति उत्साहाने नको तेथे कानस चालविली आणि सात दिवसांचे काम वाया घालविले. नियमांची मर्यादाही सांभाळावी लागते: मुठीने हातास वेढता कामा नये, मनगटास आधार देता कामा नये, आणि सारे पिस्तूल 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरच्या पेटीत बसले पाहिजे. सामन्यापूर्वी ते त्या पेटीत घालून पाहतात.

बोटांसाठी रबरी चेंडू दाबण्याचा व्यायाम मी सोडून दिला. कडकडून दाबण्याची शक्ती येथे फारशी लागतच नाही. अर्धी शक्ती पण साठही वेळा तीच, हे लागते. म्हणून रोज रात्री, छर्रा न भरता, भिंतीवरच्या कोऱ्या कागदाकडे रोखून वीस वेळा पिस्तूल उचलावयाचे, दर खेपेस खाली ठेवून पकड नव्याने घ्यावयाची. कणीक मळण्याचे काम मी आपखुशीने पत्करले, त्याचा लाभ मनगटास किती झाला सांगता येत नाही, पण घरात माझी पत वाढली.

आपल्याकडील उदाहरणे मी ह्या महिन्यांत मुद्दाम आठवीत असे. कोल्हापूरच्या राही सरनोबत ह्यांना कोपराच्या दुखापतीने स्पर्धेपासून दूर ठेवले होते. परतून त्यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक घेतले. हरियाणाचे मनीष नरवाल ह्यांचा उजवा हात जन्मतः अधू. त्यांनी टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये 2021 साली 50 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. ह्या थोर मंडळींच्या पंक्तीत माझी पाटी मांडण्याचा हेतू नाही. मला त्यांच्या पदकांहून त्यांच्या मुठी पाहावयास आवडतील, कोठे घासल्या आहेत आणि कोठे भरल्या आहेत ते.

गेल्या मोसमातील शेवटच्या सामन्यात माझ्या फेऱ्या अशा झाल्या: 91, 90, 92, 90, 89, 88. बेरीज 540. पहिल्या तिन्हींची बेरीज काढून पाहा. ती पूर्वीही 273 होती आणि आताही 273च आहे. नऊ गुण आले, त्यांतील आठ शेवटच्या वीस छर्ऱ्यांतून आले. एकूण यादीत माझे नाव पुष्कळ खाली होते, आणि वरची बहुतेक नावे माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलींची होती. सामना संपल्यावर बोटे इतकी आखडली होती की पाण्याची बाटली शेजारच्या मुलीकडून उघडून घ्यावी लागली.

घरी येऊन पुन्हा नीळ लावून पाहिली. करंगळीखालची रेघ अजून पुसटच आहे. तेथे रात्री थोडी लांबी भरली आहे. हा मजकूर छापखान्यात जाईपर्यंत ती वाळेल.