यादीतले स्वतःचे नाव

बाळंतिणींच्या तापाचा विषय निघाला की व्हिएन्नाच्या इग्नाझ सेमेलवाइसचे नाव येते. १८४७ साली त्याने डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, त्याचे श्रेय त्याला आहेच. पण त्याच्याही अर्धशतक आधी स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन शहरात डॉ. अलेक्झांडर गॉर्डन यांनी हा ताप कोण पसरवतो ते शोधून काढले आणि पुस्तकात छापलेही. त्यांची बोळवण तळटिपेत व्हावी, हा अन्याय आहे.

गॉर्डन यांचा जन्म १७५२चा. काही वर्षे त्यांनी आरमारात सर्जन म्हणून काढली, लंडनला प्रसूतिविद्येचे शिक्षण घेतले आणि मग अ‍ॅबर्डीनच्या धर्मार्थ दवाखान्यात गोरगरिबांवर उपचार सुरू केले. डिसेंबर १७८९ मध्ये शहरात बाळंतिणींच्या तापाची साथ आली, ती मार्च १७९२ पर्यंत हटली नाही. त्यांनी नोंदवलेल्या ७७ बायकांपैकी २८ दगावल्या. दूषित हवेमुळे साथ येते, असे त्या काळचे वैद्यक मानत होते. गॉर्डन यांनी हवेला दोष देऊन हात झटकले नाहीत. त्यांनी तक्ता मांडला: बाळंतीण कोण, वय किती, राहते कुठे, आजारी कधी पडली, वाचली की गेली आणि तिचे बाळंतपण कोणी केले. या शेवटच्या रकान्याने सगळे उघड केले. आजारी बाळंतिणीकडे जाऊन आलेली सुईण किंवा डॉक्टर ज्या घरी गेला, त्याच घरी ताप पोचत होता. पुढे पुढे तर सुईण कोण येणार एवढे कळले की बाई आजारी पडेल की नाही, हे ते आधीच सांगू शकत.

त्या रकान्यात सुइणींच्या नावांबरोबर गॉर्डन यांचे स्वतःचे नाव आहे. आपल्याच हातून कितीतरी बायकांपर्यंत हा रोग गेला, हे सांगणे जड जाते, पण ते खरे आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. १७९५ मध्ये पुस्तक आले. धावरे आणि हा ताप शहरात बरोबरीने चालतात, हेही त्यांनी टिपले होते. दोन्हींमागे एकाच जातीचे जंतू असू शकतात, हे कळायला पुढचे शतक उजाडावे लागले. रोग्याच्या कपडे-अंथरुणाला धुरी द्यावी किंवा ते जाळावे, डॉक्टर आणि दाईने अंग स्वच्छ धुवावे, कपड्यांना धुरी द्यावी, हा त्यांचा उपाय. सुरुवातीलाच भरपूर रक्त काढण्यावर मात्र त्यांचा फार भरवसा होता. तो चुकीचाच होता, आणि पुस्तकाचा मोठा भाग त्याच्याच समर्थनात खर्ची पडला आहे.

सुइणींची नावे छापणे योग्य होते का? त्यांची रोजीरोटी त्या नावावर होती, आणि आपली बाजू मांडायला त्यांच्या हाती छापखाना नव्हता. हा आक्षेप मला गंभीर वाटतो. तरीही नावांशिवाय तो तक्ता काहीच सिद्ध करू शकला नसता, आणि ज्या पंक्तीत सुइणी बसल्या त्याच पंक्तीत गॉर्डन स्वतः बसले. नावे झाकून त्यांना फक्त स्वतःची अब्रू वाचवता आली असती. पुढच्या बाळंतिणीचा जीव वाचला नसता.

गावाने मात्र त्यांना माफ केले नाही. लोकांचा रोष इतका वाढला की अ‍ॅबर्डीनमध्ये त्यांचे राहणे अवघड झाले. ते पुन्हा आरमारात गेले, तिथे क्षयाने खंगले आणि १७९९ मध्ये भावाच्या शेतावर वारले. वय अवघे ४७. बोस्टनच्या डॉ. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४३ मध्ये हा ताप संसर्गजन्य असल्याचे मांडले तेव्हा पुरावा म्हणून गॉर्डन यांचा आधार घेतला, आणि तरीही नामवंत प्राध्यापकांनी होम्स यांना विरोध केला. प्रसूतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सेमेलवाइस शिकवण्याआधी अ‍ॅबर्डीनचा तो तक्ता दाखवला पाहिजे, शेवटच्या रकान्यासकट.